जिल्ह्याचं पदक ते जागतिक क्रमवारी: बॅडमिंटनचं करिअर चालतं कसं?

जिल्हा स्पर्धा जिंकून पोरगी घरी आली की दोन दिवस कौतुक चालतं. "लई भारी खेळलालीय की पोरगी," म्हणत शेजारीपाजारी पेढा खाऊन जातात, पेपरातला चार ओळींचा मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो. तिसऱ्या दिवशी वडील हॉलवर जाऊन सरांना गाठतात. "सर, आता पुढं काय?" सर म्हणतात, "खेळू द्या की अजून. बघू." या 'बघू'मध्ये चार-पाच वर्षं निघून जातात. सरांच्या मनात खोट नसते. पुढचा रस्ता गुंतागुंतीचा आहे आणि कुणाला तो एका बैठकीत समजावून सांगायला वेळ नसतो, इतकंच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण बाकीचं सगळं तिच्याभोवती फिरतं. बॅडमिंटनमध्ये सर्वांत जास्त खर्च होतो तो साधारण सोळा ते एकवीस या वयात, आणि नेमक्या त्याच वर्षांत कमाई जवळजवळ शून्य असते. त्याआधीचा खर्च मध्यमवर्गीय घर रेटून नेऊ शकतं. त्यानंतर ज्यांचं जमलं त्यांना नोकरी, शिष्यवृत्ती, प्रायोजक असं काहीतरी मिळतं. मधल्या पाच वर्षांतच बहुतेक चांगले खेळाडू गळतात आणि लोक म्हणतात, "पोरगं चांगलं होतं, पण नाद सोडला."

शाळेची वाट आणि असोसिएशनची वाट

पालकांचा पहिला घोळ इथे होतो. आपल्याकडे या खेळाचे दोन वेगळे कारभार आहेत आणि पदक हातात आलं तरी ते कोणत्या कारभाराचं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

पहिला कारभार शालेय स्पर्धांचा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय त्या भरवतं. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा अशी चढती भाजणी. सोलापूर पुणे विभागात येतं. त्यामुळे आपली मुलं विभागाला गेली की समोर पुण्याची मुलं उभी राहतात, आणि महाराष्ट्राचं बॅडमिंटन बरंचसं पुणे, मुंबई, ठाणे आणि नागपूर इथेच एकवटलेलं आहे. एखाद्या तुलनेने सोप्या विभागातला मुलगा राज्याला पोहोचतो आणि त्याच्यापेक्षा सरस सोलापूरचा मुलगा विभागातच पडतो, असं सर्रास घडतं. घरी आल्यावर त्याला बोल लावण्याआधी ड्रॉ, म्हणजे कुणाचा सामना कुणाशी हे ठरवणारा तक्ता, कसा पडला होता ते बघावं.

दुसरा कारभार असोसिएशनचा: जिल्हा संघटना, तिच्यावर महाराष्ट्र बॅडमिंटन असोसिएशन, तिच्यावर १९३४ साली स्थापन झालेली बॅडमिंटन असोसिएशन ऑफ इंडिया. इथे गट ११, १३, १५, १७, १९ आणि खुला. राज्य मानांकन स्पर्धा, राष्ट्रीय मानांकन स्पर्धा, राष्ट्रीय अजिंक्यपद हे सगळं या बाजूला. खेळाडूची नोंदणी होते, त्याला ओळख क्रमांक मिळतो आणि क्रमवारीचे गुण त्या क्रमांकावर जमा होतात.

शालेय पदकाचा उपयोग दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांना आणि पुढे नोकरीतल्या खेळाडू आरक्षणाला होतो. तो कमी लेखू नका. पण शालेय राज्य स्पर्धा जिंकली म्हणून असोसिएशनच्या क्रमवारीत नाव वर चढत नाही. भारताच्या संघाकडे जाणारा रस्ता दुसऱ्या कारभारातून जातो. चौदाव्या वर्षापर्यंत फक्त शालेय स्पर्धा खेळलेली मुलगी पहिल्यांदा राज्य मानांकन स्पर्धेला जाते, तेव्हा तिच्या वयाच्या मुली दोन-तीन वर्षांपासून तिथे एकमेकींना ओळखत असतात. कोण डावखुरी, कुणाचा बॅकहँड कच्चा, तिसऱ्या गेममध्ये कुणाचा दम सुटतो, सगळं एकमेकींना पाठ असतं.

वयोगट जन्मवर्षावर ठरतो, १ जानेवारीपासून. त्यामुळे एकाच गटात जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली मुलं एकत्र खेळतात. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, ताकदीत फार मोठा फरक. डिसेंबरवाल्यांच्या पालकांनी तेराव्या वर्षीच्या निकालावरून निराश होऊ नये, अठराव्या वर्षापर्यंत तो फरक पुसला जातो. वय चोरण्याचे प्रकार या खेळातही होतात, आणि म्हणूनच जन्माची नोंद कधी झाली याची कागदपत्रं काटेकोर तपासली जातात. "सगळेच करतात, आपण पण करू," असं कुणी सुचवलं तर त्या माणसापासून चार हात लांब राहा. एकदा ठपका बसला की तो पोराच्या नावावर बसतो, सुचवणाऱ्याच्या नाही.

सोलापूरची हवा आणि शटलचं गणित

हा भाग बाहेरच्यांना गमतीचा वाटेल, पण आपल्याकडच्या खेळाडूचा खेळ याने घडतो आणि बिघडतोही.

फेदर शटलला १६ पिसं असतात, हंसाची किंवा बदकाची. वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. इतकी हलकी वस्तू पूर्णपणे हवेच्या मर्जीवर चालते. हवा तापली की विरळ होते, शटलला अडवायला कमी पडते आणि शटल लांब जातं. थंड हवेत तेच शटल लवकर पडतं. म्हणून डबीवर ७५, ७६, ७७, ७८ असे आकडे असतात. आकडा लहान तितकं शटल संथ. गरम गावात ७५-७६ चालतं, थंडीत ७७-७८ लागतं. स्पर्धेच्या आधी पंच किंवा खेळाडू बेसलाइनवरून खालून पूर्ण ताकदीने शटल मारून बघतात. ते पलीकडच्या बेसलाइनच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर त्या दिवसापुरतं योग्य.

आता मे महिन्यातला सोलापूरचा हॉल डोळ्यांसमोर आणा. बाहेर पारा ४२ च्या पुढे, वर पत्रा. वाऱ्याच्या झुळकीने शटल वाहतं म्हणून खिडक्या बंद आणि पंखेही बंद. पहाटे साडेपाचची बॅच आठला संपते, कारण नंतर आत उभं राहवत नाही. अशा हवेत टॉस, म्हणजे मागच्या रेषेकडे उंच मारलेला फटका, जरा जोरात बसला की शटल बाहेर. मुलं नकळत हात आखडून खेळायला शिकतात. हेच मूल डिसेंबरात पुण्यात किंवा उत्तरेत खेळायला गेलं की पहिल्या गेममध्ये त्याचा प्रत्येक टॉस हातभर अलीकडे पडतो आणि समोरचा पोरगा आरामात स्मॅश ठेवून देतो. मूल म्हणतं, "आज हातच चालत नव्हता." हात व्यवस्थित असतो, हवा बदललेली असते. अनुभवी सर म्हणूनच बाहेरगावच्या स्पर्धेला एक दिवस आधी पोहोचायला सांगतात. हॉटेलचा एक दिवसाचा खर्च वाढतो, तो वाचवण्यात अर्थ नाही.

कोरड्या हवेचा दुसरा त्रास पिसांना. ती ठिसूळ होतात, दोन स्मॅशमध्ये एखादं तुटतं आणि शटल डगमगायला लागतं. यावर आपल्याकडचा उपाय सोपा आहे. आदल्या रात्री पातेल्यात पाणी उकळायचं, डबीची दोन्ही झाकणं काढून ती काही सेकंद वाफेवर धरायची, लगेच झाकणं लावून उभी ठेवून द्यायची. पिसं जरा लवचिक होतात, शटल जास्त टिकतं. वाफ जास्त झाली तर मात्र पिसं मऊ पडतात आणि वजन बिघडतं, म्हणून हे काम घरातल्या एकाच माणसाकडे असावं. बहुतेक घरांत ते आईकडे असतं.

हा खटाटोप पैशासाठी. नायलॉनचं शटल महिनाभर टिकतं, पण त्याची चाल वेगळी. राज्यस्तरावर खेळायचं तर तेराव्या वर्षाच्या आसपास फेदरवर यावंच लागतं, आणि स्पर्धेच्या दर्जाच्या फेदरची डझनाची डबी दीड-दोन हजारांच्या खाली मिळणं अवघड झालंय. दोन तगड्या मुलांच्या तासाभराच्या गेममध्ये तीन-चार शटल सहज जातात. त्यात गटिंग (रॅकेटची जाळी) तुटणं, ग्रिप, बूट धरा. फी सोडून हा सगळा खर्च.

जमिनीबद्दलही एक सांगायला हवं. लाकडी फ्लोअरवर सिंथेटिक मॅट, ही खेळाची खरी जागा. आपल्याकडे अजूनही पुष्कळ मुलं कोब्यावर, नाहीतर शहाबादी फरशीवर फुटवर्क करतात. सुट्टीतला गंमतखेळ म्हणून ठीक. रोज दोन तास शॅडो (शटलशिवाय कोर्टभर पळण्याचा सराव) आणि उड्या त्या जमिनीवर केल्या तर पंधराव्या वर्षी गुडघा बोलायला लागतो. चांगल्या रॅकेटपेक्षा चांगल्या जमिनीवर पैसे घालवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाव कधी सोडायचं?

सोलापूरचं स्टेशन या बाबतीत भाग्यवान आहे. हुतात्मा धरली की पुणे, हुसेनसागर धरली की हैदराबाद, उद्यान धरली की बेंगळुरू. देशाच्या बॅडमिंटनची तीन मोठी ठिकाणं थेट गाडीवर. बेंगळुरूत प्रकाश पदुकोण यांची अकादमी १९९४ पासून, हैदराबादेत गोपीचंद यांची २००८ पासून. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांना तर हैदराबाद परकं वाटतच नाही. भाषा येते आणि एखादी आत्या-मावशी तिकडे असतेच.

मग लगेच पाठवायचं का? गाव सोडण्याचं खरं कारण समजून घ्या, म्हणजे वेळही कळेल. शिकवणारे सर सोलापुरातही चांगले आहेत. कमी पडतात ते समोर खेळणारे. पंधरा वर्षांचा जिल्ह्यातला अव्वल मुलगा रोज त्याच तिघा-चौघांशी खेळतो, उरलेला वेळ सकाळच्या बॅचच्या काकांशी दुहेरी. काका नेटवर चलाख असतात, पण त्यांच्याशी खेळून पाय वेगवान होत नाहीत. मोठ्या अकादमीत त्याच्याहून सरस पंधरा मुलं एका छताखाली मिळतात. तिथे तो वर्षभर हरतो आणि हरता हरता वाढतो.

म्हणून मूल जिल्ह्यात सहज जिंकत असेल आणि राज्य मानांकन स्पर्धेत वारंवार दोन-तीन फेऱ्या पार करत असेल, तेव्हा हा विचार करावा. दहाव्या वर्षी पाठवणं मला पटत नाही. तिथे मूल बॅचच्या गर्दीत शेवटच्या कोर्टवर उभं राहतं आणि घरच्या जेवणाला मुकतं. मोठं नाव असलेल्या अकादमीत प्रवेश मिळणं आणि तिथल्या मुख्य प्रशिक्षकाच्या नजरेखाली रोज खेळायला मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फी भरण्याआधी मूल कोणत्या गटात खेळणार, कोणाबरोबर खेळणार, हे विचारून घ्या.

महाराष्ट्रातल्या मुलांनी वेगवेगळ्या रस्त्यांनी हे केलं आहे. नंदू नाटेकर मूळचे सांगलीचे, आधी टेनिस खेळणारे. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. मुंबईचा चिराग शेट्टी हैदराबादला गेला. नागपूरच्या मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवलं. अभियांत्रिकीचं शिक्षणही तिने खेळासोबत चालू ठेवलं.

क्रमवारी: हे नीट समजलं की निम्मं करिअर समजलं

एकोणिसाव्या वर्षापर्यंत ज्युनिअर गट असतो. जागतिक ज्युनिअर क्रमवारी वेगळी, ज्युनिअर स्पर्धा वेगळ्या. २००८ ची जागतिक ज्युनिअर स्पर्धा पुण्यात झाली होती आणि सायनाने ती जिंकली होती. पण ज्युनिअरचे गुण सिनिअरमध्ये सोबत येत नाहीत. वय संपलं की खेळाडू पुन्हा पहिल्या पायरीवर, आणि समोर पंचविशीतले पुरते तयार झालेले खेळाडू.

सिनिअरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची उतरंड अशी: वर सुपर १०००, मग ७५०, ५००, ३००, १००. हे जागतिक महासंघाचं वर्ल्ड टूर, २०१८ पासूनचं. त्याखाली इंटरनॅशनल चॅलेंज, इंटरनॅशनल सिरीज आणि फ्युचर सिरीज. ऑल इंग्लंड सुपर १००० आहे, दिल्लीची इंडिया ओपन सुपर ७५०, लखनौची सय्यद मोदी सुपर ३००.

प्रत्येक स्पर्धेत किती फेऱ्या पार केल्या त्यावर गुण मिळतात. गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० स्पर्धांच्या गुणांची बेरीज म्हणजे खेळाडूची क्रमवारी. हे गुण दुधाच्या पिशवीसारखे आहेत, प्रत्येकावर तारीख छापलेली. गेल्या वर्षी या आठवड्यात जिंकलेले गुण या आठवड्यात आपोआप गळतात. म्हणून खेळाडू गेल्या वर्षीइतकंच चांगलं खेळला तर तो जागच्या जागी राहतो, आणि चार महिने दुखापतीने घरी बसला तर एकही सामना न हरता खाली घसरतो.

खरी मेख गुणांच्या तक्त्यात आहे. इंटरनॅशनल सिरीज जिंकली, म्हणजे आठवडाभर एकही सामना न हरता कप उचलला, की मिळतात २,५०० गुण. इंटरनॅशनल चॅलेंज जिंकली तर ४,०००. सुपर १०० च्या उपांत्यपूर्व फेरीत हरलं तर ३,०३०. आणि सुपर १००० च्या पहिल्याच सामन्यात हरून कुणी त्याच दिवशी बॅग भरली, तर त्याला मिळतात ३,०००.

परत वाचा. लहान स्पर्धा जिंकणाऱ्यापेक्षा मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला जास्त गुण. हा अन्याय वाटतो, पण त्यामागे तर्क आहे. सुपर १००० मध्ये एकेरीला फक्त ३२ जणांना जागा असते आणि ती क्रमवारी बघूनच मिळते. तिथवर पोहोचण्याचीच ती किंमत. परिणाम असा, की वर असलेला खेळाडू वर टिकायला सोपं जातं आणि खालचा ढकलत ढकलत वर यायला वर्षं लागतात. शंभराव्या क्रमांकाच्या आसपासचा खेळाडू आणि पंचविसाव्या क्रमांकाचा खेळाडू यांच्या खेळात टीव्हीवर बघणाऱ्याला फार फरक दिसणार नाही. त्यांच्या प्रवेशयाद्यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

खालच्या स्तरावर आणखी एक पेच. प्रवेश खेळाडूला परस्पर भरता येत नाही, राष्ट्रीय असोसिएशनमार्फत जातो. स्पर्धेच्या काही आठवडे आधी यादी बंद होते. मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, नाव लागलं तर ठीक, क्वालिफाइंगमध्ये (पात्रता फेरीत) लागलं तर दोन सामने जास्त, राखीव यादीत राहिलं तर विमानाचं तिकीट काढायचं की नाही, हा जुगार. व्हिसा त्याच वेळी अडतो.

ऑलिंपिकला तर अजून गाळणी आहे. एका देशाचे दोन खेळाडू एकेरीत तेव्हाच जातात, जेव्हा दोघंही जगातल्या पहिल्या १६ मध्ये असतात. नाहीतर एकच. म्हणजे लढत जगाशी असते तशी शेजारच्या कोर्टवर सराव करणाऱ्या मित्राशीही असते.

पैशाचा हिशोब

नाटेकरांच्या काळात रोख बक्षीस हा प्रकारच नव्हता. आज आहे, पण कुणासाठी ते पाहा. एकेरीच्या विजेत्याला वर्ल्ड टूरच्या खालच्या स्पर्धांत एकूण बक्षीस रकमेच्या साधारण साडेसात टक्के मिळतात. एकूण रक्कम एक लाख डॉलर धरली, तर विजेत्याला ७,५०० डॉलर, उपविजेत्याला ३,८०० आणि उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला ६००. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला काही नाही. त्याखाली, पंधरा हजार डॉलरच्या इंटरनॅशनल चॅलेंजमध्ये विजेत्याच्या हाती ११२५ डॉलर पडतात, करापूर्वी.

आता खर्च. परदेशात लागोपाठ दोन स्पर्धांचा दौरा आखला, तर विमान, हॉटेल, व्हिसा, जेवण धरून दीड-दोन लाख सहज जातात, हा माझा ढोबळ अंदाज. असे पाच-सहा दौरे केल्याशिवाय दहा निकाल जमत नाहीत. देशातल्या अव्वल खेळाडूंचा खर्च सरकार आणि असोसिएशन उचलतं, बाकीचे 'सेल्फ फायनान्स', म्हणजे वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड. प्रशिक्षकाला सोबत नेणं बहुतेकांना परवडत नाही. अकरा गुणांवर मिनिटभराची विश्रांती होते, तेव्हा कोर्टाच्या मागची प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी असते. समोरच्याला दोघं जण काहीतरी समजावत असतात आणि आपला खेळाडू एकटाच टॉवेलने ग्रिप पुसत उभा असतो. गुणतक्त्यात हे कुठे दिसत नाही, पण गेम १९-१९ असा अटीतटीला आला की दिसतं.

मदत मिळते. खेलो इंडियाची शिष्यवृत्ती आहे. २०१४ पासून टॉप्स ही ऑलिंपिकसाठीची योजना आहे, तिच्यात निवडलेल्यांना प्रशिक्षणाशिवाय महिन्याला हातखर्चही मिळतो. अडचण एवढीच, की या बहुतेक योजना निकाल दिसल्यावर येतात, आणि निकाल दिसायला आधी खर्च करावा लागतो. २०२५ मध्ये खुद्द पुल्लेला गोपीचंद यांनी जाहीरपणे म्हटलं, की घरची परिस्थिती भक्कम नसेल तर मुलांना खेळात घालू नका, असाच माझा पालकांना सल्ला असतो. बरीच टीका झाली त्यांच्यावर. मला ते वाक्य कडू पण प्रामाणिक वाटलं. ज्यांनी दोन ऑलिंपिक पदकविजेत्या घडवल्या ते असं म्हणतात, तेव्हा यंत्रमागाच्या पगारावर घर चालवणाऱ्या बापाने ते ऐकून घ्यायला हवं. ऐकून खेळ बंद करावा असं नाही. किती वर्षं, किती रुपये, आणि कुठे थांबायचं, हे वहीत लिहून मग पुढे जावं.

एकेरी की दुहेरी

सतराव्या वर्षाच्या आसपास हा निर्णय होतो. आपल्याकडे दुहेरी म्हणजे एकेरीत न जमलेल्यांची सोय, असा समज होता. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी यांनी तो मोडून काढला. थॉमस कप या पुरुषांच्या सांघिक जागतिक स्पर्धेतल्या भारताच्या २०२२ च्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण आणि त्याच महिन्यात जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. सात्विकचा ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश गिनेस बुकात नोंदला गेलाय. दुहेरीत बक्षीस वाटून घ्यावं लागतं, पण हॉटेलची खोलीही वाटून घेता येते. सोलापूरच्या खेळाडूची अडचण जोडीदाराची. एका गावात एकाच ताकदीची दोन मुलं मिळणं दुर्मीळ, म्हणून राज्य स्पर्धांतच लातूर, सांगली, नगरचा जोडीदार हेरून ठेवावा.

दुखापत

पॅरिस २०२४ च्या उपांत्य सामन्यात २०१६ ची ऑलिंपिक विजेती कॅरोलिना मारिन पहिला गेम जिंकून दुसऱ्यात १०-६ ने पुढे होती. गुडघा गेला आणि सामना सोडावा लागला. तिच्यामागे देश होता, वैद्यकीय पथक होतं. आपल्या मुलामागे कोपऱ्यावरचा हाडवैद्य असतो. घोटा मुरगळला की पट्टी बांधून चौथ्या दिवशी कोर्टवर, हे थांबवा. मूल कळ सोसून खेळतंय याचा अभिमान बाळगण्यापेक्षा खेळाडूंसोबत काम केलेल्या फिजिओला एकदा दाखवून आणा, त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी.

पुढे काय मिळतं?

टीव्हीवर दिसणं हा या करिअरचा एकच शेवट नाही आणि बहुतेकांच्या वाट्याला तो येतही नाही. राष्ट्रीय स्तरावर टिकलेल्यांना तेल कंपन्या, रेल्वे अशा ठिकाणी खेळाडू म्हणून नोकरी मिळू शकते. या संस्थांचे आपापले संघ असतात आणि ते राष्ट्रीय स्पर्धांत खेळतात. कॉलेजात असाल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा हा एक सन्मानाचा टप्पा आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षण पदविका अभ्यासक्रम करून परत गावी येणारे आहेत, आणि त्यांच्यामुळेच आज सोलापुरात बॅचेस चालतात. पंच म्हणूनही वर जाता येतं. जिल्ह्याला लाइन जज, मग परीक्षा देत राज्य, राष्ट्रीय आणि पुढे आंतरराष्ट्रीय. शांत डोक्याच्या, पण पाय थोडे संथ असलेल्या मुलांसाठी ही वाट मला फार चांगली वाटते आणि ती कुणी सुचवत नाही.

राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पद जितकं वरचं तितक्या वरच्या स्पर्धेतली कामगिरी लागते. या ठिकाणी सोलापूरच्या कित्येक मुलांचं खेळून मिळवलेलं हातचं जातं, ते कागदांपायी. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते आणि ती नोकरीच्या अर्जाआधी करून घ्यावी लागते. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेचा छापील ड्रॉ, निकालपत्र आणि संघ निवडीचं पत्र एका फायलीत ठेवत जा, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. प्रमाणपत्र हातात पडलं की मंडपातून बाहेर पडण्याआधी त्यावरचं नाव, जन्मतारीख, वयोगट आणि सही-शिक्का बघा. नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच हवं, वडिलांच्या नावासकट. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. सहा वर्षांनी जाल तेव्हा त्या स्पर्धेचे सचिव बदललेले असतात आणि जुनं दप्तर कुणाच्या घरी आहे, हे नव्या सचिवांनाही ठाऊक नसतं.